तेहतीस गोपद्मं आणि एक तार

मी ज्याच्याकडे पाहते, नेमकं तेवढंच मला दिसत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं की भिंत दिसते, बाजूची दिनदर्शिका दिसते, खालची खुर्ची दिसते. घड्याळाच्या जागी मात्र धुराचा डाग. नजर हलवली की डागही हलतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध मसुराच्या डाळीएवढी जागा असते. बारीक अक्षर, सुईचं नाक, माणसाचा चेहरा, सगळं तिथेच उमटतं. माझी तेवढीच जागा झिजली होती. कडेचा पडदा शाबूत होता, पण कडेला सगळं मोघम दिसतं. औषध नाही, थेंब नाहीत. "हे असंच राहील," ते म्हणाले, आणि मी त्यांच्या खिशाला नमस्कार करून आले, कारण खिसा दिसत होता.

दोन वर्षं अशी गेली. स्वयंपाक हातांना पाठ होता. स्तोत्रं तोंडाला पाठ होती. यांचा चेहरा मात्र पाठ असूनही हळूहळू पुसट होत चालला होता, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते.

मग आमची वैजू, म्हणजे मुलगी, ज्येष्ठात पुण्याहून मिरजेला आली आणि येताना एक मॉनिटर घेऊन आली. टीव्हीसारखाच, पण आत चॅनेल काही नाहीत. तो नुसता पडदा. डोकं माझ्या फोनचं. फोनमध्ये तिने एक नवीन ॲप घातलं, फोन स्टँडवर मॉनिटरच्या वर बसवला आणि सांगू लागली, "आई, फोनचा पुढचा कॅमेरा तुझ्या बुबुळांकडे बघत राहणार, सेकंदाला पाचशे वेळा. तुझी नजर कुठे जातेय हे त्याला कळणार. मागचा कॅमेरा समोरचं जग बघणार. आणि मॉनिटरवर तो चित्र असं सरकवणार की तुझ्या डागावर न पडता शेजारच्या चांगल्या जागेवर पडेल. तू डोळे हलवलेस की चित्रही तुझ्याबरोबर हलणार."

"अगं, मग जोडायला तार कशाला? आता तर सगळं हवेतनंच जातं."

"हवेतून पाठवायचं तर चित्राची आधी घडी घालावी लागते. तिकडे पोचलं की उलगडावी लागते. त्यात क्षणभर जातो. तेवढ्यात तुझी नजर दुसरीकडे पळालेली असते आणि चित्र परत डागावर. तारेतून घडी न घालता जातं."

हे तेवढ्यावरच खूश झाले. छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेली. "तार डोळ्यांना दिसते तरी," हे म्हणाले. "कुठून निघाली, कुठे गेली, हाताने चाचपता येतं." पण बॅग उपसल्यावर कळलं, नेमकी तीच पुण्याला राहिली. हे तरातरा स्टेशन रोडला जाऊन एक घेऊन आले. फोनला लावली, मॉनिटरला लावली, आणि बाप-लेक दोघे पडद्याकडे बघत गप्प.

"काय झालं?" मी विचारलं.

वैजूला हसू आवरेना. "आई, 'सिग्नल नाही' म्हणतोय."

"छत्तीस वर्षं मी सिग्नल दिले," हे म्हणाले, "आणि हा मला सांगतोय सिग्नल नाही!"

"बाबा, ही नुसती चार्जिंगची आहे. हिच्यातनं वीज जाते, चित्र जात नाही. दिसायला दोन्ही सारख्याच." हे पुन्हा चप्पल घालून निघाले. जाता जाता म्हणालेच, "पण निदान खोटं तरी बोलला नाही. आमच्याकडेही तसंच. तार तुटली, दिवा गेला, काही म्हणजे काही झालं, की सिग्नल आपला आपण लाल पडतो. माहीत नसेल तर थांबा. हिरवा कधी पडणार नाही."

हे वाक्य वैजूने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की तिने हळू आवाजात यांच्यामागोमाग म्हणून दाखवलं.

दुसरी तार चालली. वैजूने यांना खिडकीशी बसवून सगळ्या बाजूंनी चाळीसेक फोटो काढले. चेहरा मोठा करून, रेषा ठळक करून दाखवावा लागतो, आणि तसं करताना जिथे कॅमेऱ्याला पुरेसं उमगत नाही तिथे ॲप आधीच्या फोटोंवरून भरून घेतं, असं काहीतरी तिने सांगितलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. कारण तेवढ्यात मॉनिटरवर हे दिसले.

खरंच दिसले. नाक, चष्म्याचे वण, डावीकडचा तो तीळ.

"अहो, तुमच्या भुवईत पांढरा केस आलाय."

"एकच? नीट बघ."

*

आषाढी एकादशीला माझा चातुर्मासाचा नेम सुरू झाला. रोज तुळशीपुढे तेहतीस गोपद्मं काढायची, म्हणजे रांगोळीने गाईची तेहतीस पावलं. ती काढून हळदकुंकू वाहिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. पाच वर्षांचा वसा असतो. माझं हे पाचवं वर्ष होतं, आणि कार्तिक द्वादशीला उद्यापन करायचं ठरलं होतं.

सकाळी आंघोळ झाली की हे बाल्कनीत चौरंगावर मॉनिटर मांडायचे, तार जोडायचे आणि फोनचा मागचा कॅमेरा गेरूच्या चौकोनाकडे वळवून द्यायचे. मी पडद्यात बघत चिमूट सोडायची. तीन ओळी, एका ओळीत अकरा. डोळे अधू झाल्यापासून मोजणीवर भरवसा राहिला नव्हता, म्हणून वाटीत तेहतीस गहू घेऊन बसत असे. एक पाऊल झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. शेवटी यांनी फोटो काढून वैजूला पाठवायचा.

मग चहा. मॉनिटर जेवणाच्या टेबलावर यायचा आणि हे पलीकडे बसायचे. आमच्या दोघांच्या मध्ये पडदा, वर फोन. गंमतच होती. हे समोर हाताच्या अंतरावर बसलेले, आणि मी यांना बघायला पडद्यात बघणार. पण मला चेहरा दिसत होता. पेपरातलं काही वाचून दाखवताना ओठ मुडपायची सवय दिसत होती. एखाद्या दिवशी मी म्हणायची, "आज तोंडावर तेज आहे हो तुमच्या," आणि हे पेपर वर करायचे.

काही गोष्टी कानांवर येत होत्या, नाही असं नाही. यांचं घड्याळ स्टीलच्या पट्ट्याचं. पूर्वी त्याचा आवाज होत नसे. आता कप उचलला की ते घसरून टेबलाला टण्णकन लागायचं. ताटात भात राहायचा. विचारलं की म्हणायचे, "उकाडा आहे." मी पडद्यात बघायची. गाल भरलेले, तीळ जागच्या जागी. मन निवांत व्हायचं.

श्रावण सरत आला होता तेव्हाची गोष्ट. हे मंडईत गेले होते. माझी दुसरी ओळ संपत आली असताना दूध उतू गेल्याचा वास आला. धावत जाऊन गॅस बंद केला, ओटा पुसला, हात धुतले, पुन्हा येऊन बसले. तिसरी ओळ काढली. शेवटचं पाऊल काढून वाटीत हात घातला तर बोटांना दोन दाणे लागले.

पडद्यात पाहिलं. अकरा, अकरा, अकरा. तेहतीस, रेखीव.

दाणे जास्त घेतले असतील म्हणून दुसऱ्या वाटीतले मोजले. एकतीस.

पुन्हा पडद्यात. तेहतीस.

दाराशी समोरच्या नसीमभाभी उभ्या होत्या. कढीपत्ता न्यायला आल्या होत्या. आमच्या कुंडीतला कढीपत्ता जास्त त्यांच्याच घरी जातो. मी म्हटलं, "भाभी, एवढी पावलं मोजा हो. पडद्यावरची नको. खाली, जमिनीवरची."

त्या वाकल्या. बोटाने मोजल्याचं कळत होतं. "एकतीस हायत की काकू. ह्या मधल्या वळीत दोन जागा मोकळ्या सोडल्यात तुमी."

"पडद्यावर?"

त्या पडद्याकडे वळल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. "या अल्ला. हितं तर पुरी हायत."

मला वैजूचं ते वाक्य आठवलं. आधीच्या फोटोंवरून भरून घेतं. रोज तीच जागा, तीच तीन ओळींची मांडणी, रोज फोटो. फोनला माझी गोपद्मं पाठ झाली होती. दोन कमी पडली ती त्याने आपल्या मनाची घालून टाकली, मला वाईट वाटू नये म्हणून घालावीत तशी.

आणि लगेच त्याच्या पाठोपाठचा विचार आला. चाळीसेक फोटो यांचेही होते त्याच्याकडे.

"भाभी, यांची तब्येत कशी दिसते हो तुम्हाला?"

नसीमभाभींनी कढीपत्त्याची डहाळी पदरात धरली होती. ती खाली ठेवली. "असं का इचारता?"

"सांगा ना."

"निम्मे राहिलेत काका. गालफडं आत गेलीत. जिना चढताना दोनदा थांबतात. काकू, आख्ख्या बिल्डिंगला दिसतंय. आमाला वाटलं तुमाला आता दिसतंय, तवा तुमाला ठावं असणारच. मागल्या आठवड्यात तुमीच म्हणलात, यांची तब्येत छान सुधारलीय म्हणून. मी घरी जाऊन रडले. म्हटलं, बाई किती धीराची हाय."

*

हे आले. पिशवी ओट्यावर ठेवली. ठेवताना घड्याळ टण्ण वाजलं.

"पडदा मध्ये नको आज," मी म्हटलं. "या बाजूला येऊन बसा."

बसले. मी हात हातात घेतला. घड्याळ मनगटावरून सरकत पार कोपरापाशी गेलं. मनगटाची दोन्ही हाडं माझ्या बोटांत आली. पंचेचाळीस वर्षं ओळखीचा हात, आणि तो ओळखू येईना.

"कधीपासून?"

"कशाचं?"

"अहो."

यांनी घड्याळ पुन्हा मनगटाकडे ओढून घेतलं. मग खात्यातला अहवाल द्यावा तसं सांगितलं. आषाढातल्या दशमीला तपासणीचा निकाल आला. आतड्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिन्यात काढायलाच हवी, पुढे पसरायला लागली तर हातातून जाईल. यांनी कार्तिकातली तारीख मागितली. डॉक्टर रागावले. वैजूलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"आणि फोनचं?"

"मी ते लावलं नाही, शैला. खरंच सांगतो. फक्त बंद केलं नाही. त्या दिवशी मी दवाखान्यातून येऊन समोर बसलो, आणि तू म्हणालीस, आज तुमच्या तोंडावर तेज आहे. मला वाटलं चेष्टा करतेस. मग ॲप उघडून पाहिलं. जुन्या फोटोंवरून भरा, असं लिहिलेलं होतं आणि पुढे टिक होती. ती काढायला बोट नेलं. आणि नाही काढली."

"कार्तिक कशासाठी?"

"तुझं पाचवं वर्ष. मी तिकडे पडून राहिलो तर सकाळी तुला मॉनिटर कोण मांडून देणार? तार कोण जोडणार? आणि काही बरंवाईट झालं तर सुतकात नेम मोडतो. चार वर्षं माझ्यासाठीच बसलीस ना जमिनीवर? म्हटलं, एवढं उद्यापन होऊ दे."

मला मोठ्याने बोलता येत नाही. कधीच आलं नाही. मी एवढंच विचारलं, "तुमच्या खात्यात तार तुटली तर सिग्नल कुठला पडायचा?"

"लाल."

"हिरवा का नाही?"

"हिरवा पडला तर गाडी पुढे जाईल. ड्रायव्हरला वाटेल रस्ता मोकळा आहे, आणि..."

हे थांबले.

"मग माझ्यापुढे दीड महिना हिरवा का ठेवलात हो?"

माझ्या हातावर काहीतरी ऊन ऊन पडलं, तेव्हा कळलं.

मी उठले. टेबलाच्या कडेने हात फिरवत तारेपर्यंत गेले. मॉनिटरच्या मागे जिथे ती खोचलेली होती तिथे धरली आणि ओढून काढली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं. पडद्यावर अक्षरं उमटली असणार, पण मला ती वाचता येणार नव्हती.

नाक ओढत हे म्हणाले, "सिग्नल नाही म्हणतोय."

"म्हणू दे. तुम्ही डॉक्टरांना फोन लावा."

हे फोनवर बोलत होते तेव्हा मी बाल्कनीत जाऊन मधल्या ओळीतली मोकळी जागा बोटांनी शोधली आणि राहिलेली दोन पावलं चाचपत काढली. नंतर नसीमभाभी बघून म्हणाल्या, जरा वाकडी आलीत. म्हटलं, असू देत, आहेत तरी.

*

आठव्या दिवशी सकाळी सातची वेळ मिळाली. आदल्या संध्याकाळीच दाखल व्हायचं होतं. वैजू आली होती. ती म्हणाली, "आई, मॉनिटर घेऊया का? तिथे टेबल आहे. मी ते भरायचं बंद केलंय. आता जिथे फोनला कळत नाही तिथे नुसतं राखाडी दिसेल."

"राखाडी चालेल. पण घरी आल्यावर."

दवाखान्यात रांगोळी सांडलेली चालणार नव्हती, म्हणून मी लहान पाट आणि उगाळलेलं गंध नेलं होतं. पहाटे यांच्या खाटेशी स्टुलावर पाट ठेवला, करंगळीशेजारचं बोट गंधात बुडवलं आणि डाव्या हाताने पाटाची कड धरून काढायला लागले. पडदा नाही, काही नाही. आधीच्या पावलाला अंगठा टेकवायचा आणि पुढचं काढायचं. यांनी दोन्ही वाट्या मांडीवर घेतल्या होत्या. एक पाऊल झालं की एक दाणा इकडून तिकडे.

"बावीस," हे म्हणाले. "हे जरा बदकाचं वाटतंय."

"मोजायचं काम करा."

एकतिसावं झालं आणि स्ट्रेचर आलं. सोबतच्या मावशी घाईत होत्या. "चला काका, थेटरातनं दोनदा फोन येऊन गेला."

"थांबा हो मावशी, दोनच राहिलीत. पाच वर्षांचा नेम आहे हिचा."

"राहू देत," मी म्हटलं.

"अगं, दोन मिनिटं लागतील."

"तुम्ही आलात की काढीन. दोन दाणे तसेच ठेवा वाटीत."

"तोवर जेवायची नाहीस तू."

"नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं असणार. मग दोन दाण्यांची ती वाटी माझ्या हातात दिली. चाकांचा आवाज लांब गेला, दार मिटलं.

तो दिवस कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. वैजू दर तासाला म्हणायची, आई, निदान दूध घे. मी पाणी घेत होते. पाट मांडीवर होता. गंध वाळून खरखरीत झालं होतं. एकतीस पावलांवरून बोट फिरवत शेवटापर्यंत यायचं आणि पुढे नुसतं गुळगुळीत लाकूड लागायचं. ती मोकळी जागा मी कितीदा चाचपली असेल! चार वर्षांत कधी नेम अपुरा ठेवून उठले नव्हते. त्या दिवशी मात्र तेवढी जागा कोरी होती म्हणूनच मला बसवत होतं.

दुपारी डॉक्टर आले. गाठ पूर्ण निघाली. आजूबाजूचे तुकडे तपासायला पाठवलेत, आठ दिवसांत कळेल. "आधी आला असतात तर मी आत्ताच हसून सांगितलं असतं," ते म्हणाले. "आज एवढंच सांगतो, चांगलं झालं." मला ते आवडलं. त्यांना माहीत नव्हतं तेवढं त्यांनी भरून काढलं नाही.

दिवेलागणीला यांना खोलीत आणलं. वैजू औषधं आणायला खाली गेली होती. मी खाटेशी बसले. कडेने पाहायची सवय आता पुन्हा करायला हवी होती. यांचा चेहरा पाहायचा तर यांच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघावं लागतं. तसं बघितलं की डाग भिंतीवर जातो आणि हे कडेला येतात, मोघम का होईना.

हे डोळे उघडून किती वेळ माझ्याकडे पाहत होते कोण जाणे.

"भिंतीकडे काय बघतेस?" आवाज अगदी तळातून आला.

"तुमच्याकडे बघतेय."

"कसा दिसतो?"

"वाळलात. गालांत खड्डे पडलेत. दाढीची खुंटं पांढरी आहेत."

"तेज?"

"काही नाही."

हे हसले असावेत, कारण लगेच पोटाशी हात नेला. "जेवलीस का?"

मी पाट पुढे घेतला. गंधात दोन थेंब पाणी घालून बोटाने कालवलं. वाटीतले दोन दाणे यांच्या तळहातावर ठेवले आणि दुसरी वाटी बोटांखाली धरली. एक पाऊल काढलं. दाणा वाटीत पडल्याचा बारीक आवाज आला.

"बत्तीस," हे म्हणाले.

शेवटचं काढलं. बोट पुसलं. दाण्याचा आवाज काही येईना.

"टाका ना हो."

"टाकतो," हे म्हणाले. "आधी थोडा वेळ भिंतीकडे बघ."